पूल न झालेलं बेट

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला सेंट मेरीज नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या धक्क्यावरून लाँच सुटते आणि पाऊण तासात कंबरलँड बेटावर सोडते. बेटाला पूल नाही, वर दुकानही नाही. डबा-पाणी आपलं न्यायचं, कचरा परत आणायचा. 28 किलोमीटर लांबीच्या या बेटावर 1980 च्या दशकात दिवसाला साधारण 300 पाहुण्यांची मर्यादा ठरली. किनाऱ्यावरची काही बेटं बंगले आणि गोल्फच्या मैदानांनी भरून गेली. हेच कसं सुटलं?

भाऊबंदकीमुळे, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

एकोणिसाव्या शतकात इथे कापसाचे मळे होते आणि ते गुलामांच्या घामावर चालत. त्यांच्या झोपड्या गेल्या, विटांची धुरांडी तेवढी रानात उभी आहेत. पुढे 1880 च्या दशकात पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीचा भाऊ थॉमस याने इथे जमीन घेऊन ‘डन्जनेस’ हा वाडा बांधायला काढला. 1886 मध्ये तो वारला. मागे बायको ल्यूसी आणि नऊ मुलं. बाई खमकी, तिने बेटाचा बहुतेक भाग विकत घेतला आणि मृत्युपत्रात लिहून ठेवलं, की शेवटचं मूल जिवंत असेपर्यंत जमीन विकायची नाही. ते मूल 1962 मध्ये गेलं. तोवर वाडाही जळून गेला होता (1959). आज त्याच्या उघड्या भिंतींखाली मोकाट घोडे चरतात.

मग वाटण्या झाल्या. 1968 मध्ये काही वारसांनी आपला हिस्सा चार्ल्स फ्रेझरला विकला. हिल्टन हेड बेटावर आलिशान वसाहत उभारणारा हाच तो माणूस. बाकीचे वारस हादरले. शेजारी गोल्फ नको म्हणून त्यांनी सरकारला हाताशी धरलं. निसर्गप्रेम होतंच, पण आपला एकांत जपण्याची ओढही कमी नसावी. मेलन या धनाढ्य बँकर कुटुंबाच्या देणगीतून जमिनी घेतल्या गेल्या, फ्रेझरचीही. 23 ऑक्टोबर 1972 रोजी बेट राष्ट्रीय सागरकिनारा, म्हणजे सरकारने राखलेला किनारा, म्हणून जाहीर झालं.

जमीन देताना अनेकांनी तिथे राहण्याचा हक्क मात्र राखून ठेवला. म्हणून पाहुणे घामाघूम होऊन पायी किंवा सायकलवर फिरत असतात आणि मधूनच वाळूच्या रस्त्यावरून एखादी खासगी गाडी धूळ उडवत निघून जाते.