निक्सन प्रशासन आणि वृत्तपत्रे

अमेरिकेचे ३७वे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या कारकिर्दीत (२० जानेवारी १९६९ ते ९ ऑगस्ट १९७४) व्हाइट हाऊस आणि वृत्तपत्रे-दूरचित्रवाणी यांच्यात जो संघर्ष पेटला, त्याची ही नोंद. पत्रकारांवर रागावलेले राष्ट्राध्यक्ष त्याआधीही होते आणि नंतरही झाले. निक्सन यांनी मात्र हा राग सरकारी यंत्रणेच्या हाती दिला. बातमीदारांचे फोन चोरून ऐकले गेले, प्राप्तिकराचे जुने कागद उपसले गेले, दूरचित्रवाणी केंद्रांना परवान्याची भीती घातली गेली आणि एका दैनिकाची छपाई कोर्टाच्या हुकमाने थांबवण्यात आली. हे सारे आणि वॉटरगेट प्रकरण, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घरफोडी आणि तिची लपवाछपवी, पुष्कळदा वेगवेगळे सांगितले जाते. प्रत्यक्षात बातम्या फुटू नयेत म्हणून जी माणसे जमवली, त्यांच्यातल्याच दोघांनी वॉटरगेटची घरफोडी आखली. गोष्ट एकच आहे.

जुनी अढी

निक्सन यांच्या मनातली अढी १९४८ इतकी जुनी. प्रतिनिधिगृहाचे तरुण सदस्य असताना त्यांनी परराष्ट्र खात्यातील माजी अधिकारी ॲल्जर हिस यांच्यावरील हेरगिरीच्या आरोपाचा पिच्छा पुरवला. हिस यांना १९५० मध्ये खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरवण्यात आले. उदारमतवादी पत्रकारांनी आपल्याला याची क्षमा कधीच केली नाही, असे निक्सन आयुष्यभर मानत राहिले. १९५२ मध्ये ते उपाध्यक्षपदाचे उमेदवार असताना १८,००० डॉलरच्या निधीची बातमी छापून आली आणि उमेदवारी जाण्याची वेळ आली. २३ सप्टेंबरला त्यांनी दूरचित्रवाणीवरून थेट लोकांसमोर खुलासा केला. पत्नीचा साधा कापडी कोट, मुलींना भेट मिळालेले 'चेकर्स' नावाचे कुत्र्याचे पिल्लू, अंगावरची कर्जे, सगळे त्यांनी मांडले आणि उमेदवारी वाचली. बातमीदाराला वगळून लोकांशी बोलता येते, हा धडा त्या रात्रीचा.

आठ वर्षांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत केनेडींबरोबर झालेल्या दूरचित्रवाणी वादविवादात हेच माध्यम त्यांच्यावर उलटले. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाची निवडणूकही ते हरले. ७ नोव्हेंबरच्या सकाळी बेव्हर्ली हिल्टन हॉटेलात जमलेल्या बातमीदारांपुढे थकलेले, न झोपलेले निक्सन आले आणि म्हणाले, आता लाथाडायला तुम्हाला निक्सन मिळणार नाही, ही माझी शेवटची पत्रकार परिषद.

या तक्रारीत तथ्य किती, हे तपासले पाहिजे. १९६०, १९६८ आणि १९७२ या तिन्ही निवडणुकांत उमेदवाराला पाठिंबा देणाऱ्या अमेरिकी दैनिकांपैकी बहुसंख्य दैनिके निक्सन यांच्याच बाजूने उभी होती. १९७२ मध्ये तर विरोधी उमेदवाराला साथ देणारी दैनिके शोधावी लागत. निक्सन यांना डाचत होती ती न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनमधली मोजकी नावे: 'न्यूयॉर्क टाइम्स', 'वॉशिंग्टन पोस्ट' आणि तीन दूरचित्रवाणी जाळी. त्यातही सीबीएसवर विशेष राग. बाकीच्या शेकडो दैनिकांचा पाठिंबा त्यांच्या हिशेबात धरलाच जात नसे.

कारभाराची मांडणी

प्रसिद्धी सचिव म्हणून नेमलेले रॉन झीग्लर २९ वर्षांचे होते. जाहिरात कंपनीतून आलेले आणि त्याआधी डिस्नेलँडच्या जंगल-सफारी बोटीवर वाटाड्याचे काम केलेले. पत्रकारितेचा अनुभव असलेले हर्ब क्लाइन यांच्यासाठी संपर्क संचालकाचे नवे कार्यालय उघडण्यात आले. वॉशिंग्टनच्या बातमीदारांना बाजूला ठेवून गावोगावच्या संपादकांपर्यंत सरकारचे म्हणणे पोहोचवणे, हे त्याचे काम. रोज सकाळी निक्सन यांच्यापुढे भाषणलेखक पॅट ब्यूकॅनन यांच्या देखरेखीखाली तयार झालेले बातम्यांचे टिपण येई. ते समासात पेनाने शेरे मारत. चीफ ऑफ स्टाफ हॉल्डमन त्या शेऱ्यांचे हुकूम करून खाली पाठवत. राष्ट्राध्यक्ष स्वतः वृत्तपत्रे फारशी वाचत नाहीत असे सांगितले जाई. पण कोणत्या वाहिनीने काल काय म्हटले, हे त्यांच्याइतके बारकाईने पाहणारे फार थोडे होते. साडेपाच वर्षांत त्यांनी ३९ पत्रकार परिषदा घेतल्या. केनेडींनी तीन वर्षांहून कमी काळात ६४ घेतल्या होत्या.

बातमीदारांची खोली याच काळातली. १९३३ मध्ये पोलिओने पाय लुळे पडलेले राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यासाठी लोकवर्गणीतून व्हाइट हाऊसच्या पश्चिम बाजूला पोहण्याचा तलाव बांधला होता. निक्सन यांनी १९७० मध्ये त्यावर तक्तपोशी घालून वृत्तकक्ष केला. तलाव आजही खाली आहे, भिंतींच्या फरशा तशाच आहेत आणि त्या पोकळीत आता तारांचे जाळे आहे. बातमीदारांना जागा, टेबले, फोन मिळाले, यात शंका नाही. पण त्याआधी ते वेस्ट विंगच्या दिवाणखान्यात बसत आणि राष्ट्राध्यक्षांना भेटायला कोण आले, किती वेळ थांबले, चेहरा कसा करून बाहेर पडले, हे डोळ्यांनी पाहत. ते पाहणे संपले.

शब्दही बदलला. निक्सन यांचे भाषणलेखक विल्यम सफायर यांनी पुढे लिहिले आहे, की 'प्रेस' या शब्दाला स्वातंत्र्याचा मान चिकटलेला होता, म्हणून त्याऐवजी 'मीडिया' म्हणायचे असे व्हाइट हाऊसमध्ये ठरून गेले होते. आज मराठीत आपणही 'वृत्तपत्रे' सोडून 'मीडिया' म्हणतो, तेव्हा या शब्दामागचा हा इतिहास ठाऊक असलेला बरा.

ॲग्न्यू यांची भाषणे

३ नोव्हेंबर १९६९ रोजी निक्सन यांनी व्हिएतनामवर भाषण करून 'मूक बहुसंख्याकां'ना साद घातली. भाषण संपताच वाहिन्यांवरच्या भाष्यकारांनी त्याची चिरफाड केली. दहा दिवसांनी आयोवातील डे मॉइन येथे उपाध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी ब्यूकॅनन यांनी लिहिलेले भाषण केले. कोणी निवडून न दिलेली मूठभर माणसे सारा देश रोज रात्री काय पाहणार हे ठरवतात, असा त्याचा रोख होता. तिन्ही वाहिन्यांनी ते थेट दाखवले. पुढच्या आठवड्यात मंटगमेरीत 'टाइम्स' आणि 'पोस्ट' यांची पाळी आली.

तीनच कंपन्यांच्या हाती संध्याकाळच्या बातम्या असणे हा खरा प्रश्न होता, आणि तो विचारणे गैर नव्हते. पण दूरचित्रवाणी केंद्रांचा परवाना तेव्हा दर तीन वर्षांनी सरकारी आयोगाकडून नवा करून घ्यावा लागे. अशा सरकारच्या उपाध्यक्षाने हा प्रश्न विचारला, की त्याचा अर्थ बदलतो. मालकांना तो बरोबर कळला.

चोरून ऐकलेले फोन

कंबोडियावर गुप्तपणे बॉम्बफेक चालू असल्याची बातमी ९ मे १९६९ रोजी विल्यम बीचर यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये दिली. बातमी कोणी फोडली हे शोधण्यासाठी एफबीआयकडून कोर्टाच्या परवानगीशिवाय फोन टॅप करण्याची मोहीम सुरू झाली. १३ सरकारी अधिकारी आणि ४ पत्रकार, असे १७ जण तिच्यात आले. फितूर सापडला नाही. टॅपिंग मात्र फेब्रुवारी १९७१ पर्यंत चालू राहिले. ज्या जनतेपासून ही बॉम्बफेक लपवली जात होती ती अमेरिकी जनता होती. कंबोडियात ज्यांच्या डोक्यावर बॉम्ब पडत होते त्यांना ती केव्हाच ठाऊक होती.

पेंटॅगॉन पेपर्स

१३ जून १९७१, रविवार. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर व्हाइट हाऊसच्या गुलाबबागेत आदल्या दिवशी झालेल्या लग्नाचे छायाचित्र होते: वधू ट्रिशिया आणि तिचे वडील, राष्ट्राध्यक्ष निक्सन. त्याच पानावर नील शीहान यांची मालिका सुरू झाली. माजी संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनी करवून घेतलेला व्हिएतनाम युद्धाचा ४७ खंडांचा, सुमारे ७,००० पानांचा गोपनीय अहवाल, म्हणजेच 'पेंटॅगॉन पेपर्स', त्यावर काम केलेले विश्लेषक डॅनियल एल्सबर्ग यांनी झेरॉक्स करून बाहेर काढला होता.

अहवाल १९६८ मध्येच संपत होता. त्यात उघडी पडली ती आधीची सरकारे, म्हणून निक्सन सुरुवातीला फारसे अस्वस्थ झाले नाहीत. पण गुपिते अशी फुटू लागली तर आपलीही फुटतील, ही भीती राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर यांनी त्यांच्या मनात भरवली. ॲटर्नी जनरल मिचेल यांनी छपाई थांबवण्याची तार केली. 'टाइम्स'ने नकार दिला आणि १५ जूनला न्यायाधीश मरे गर्फीन यांनी तात्पुरती मनाई दिली. संघराज्य सरकारने एखाद्या दैनिकाला छपाईआधीच कोर्टाकरवी गप्प केले, असे अमेरिकेत तोवर घडले नव्हते. 'टाइम्स' थांबल्यावर १८ तारखेला 'वॉशिंग्टन पोस्ट'ने छापायला सुरुवात केली. 'पोस्ट'ची कंपनी त्याच दिवसांत शेअर बाजारात उतरत होती, वकील थांबा म्हणत होते. मालकीणबाई कॅथरिन ग्रॅहम यांनी फोनवर होकार दिला.

३० जूनला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी सरकारची मागणी फेटाळली. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिले, की वृत्तपत्रांनी सेवा करायची ती शासितांची, शासकांची नव्हे. त्यानंतर तीनच महिन्यांत ब्लॅक वारले.

गळती बंद करणारे

कोर्टात हरल्यावर जुलै १९७१ मध्ये व्हाइट हाऊसलगतच्या इमारतीत एक गुप्त पथक बसले. गळती बंद करणारे म्हणून त्यांनी स्वतःला 'प्लंबर' म्हणवून घेतले; तशी पाटीही दारावर लागली. सप्टेंबरात पथकातल्या हॉवर्ड हंट आणि गॉर्डन लिडी यांनी एल्सबर्ग यांच्या मानसोपचारतज्ज्ञाचा बेव्हर्ली हिल्समधला दवाखाना फोडवला. एल्सबर्गची बदनामी करता येईल असे काही हाती लागले नाही. १९७३ मध्ये हे उघड झाल्यावर एल्सबर्ग यांच्यावरचा खटलाच न्यायाधीशांनी रद्द केला.

याच पथकापुढे भारताशी निगडित एक प्रकरण आले. आपल्याकडे निक्सन आठवतात ते १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागराकडे निघालेल्या सातव्या आरमारामुळे. अमेरिका तेव्हा तटस्थतेची भाषा करत होती. डिसेंबर १९७१ मध्ये स्तंभलेखक जॅक अँडरसन यांनी गुप्त बैठकांची टिपणे छापली. भारताविरुद्ध आपण पुरेसे कडक नाही म्हणून राष्ट्राध्यक्ष दर अर्ध्या तासाला आपल्याला फैलावर घेतात, त्यांना कल पाकिस्तानकडे हवा आहे, असे किसिंजर त्यात म्हणताना दिसत होते. अँडरसन यांना १९७२ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. बदल्यात सीआयएची पाळतही मिळाली.

शत्रूंची यादी

ऑगस्ट १९७१ मध्ये व्हाइट हाऊसचे वकील जॉन डीन यांनी एक टिपण लिहिले. सरकारी यंत्रणा वापरून राजकीय शत्रूंना कसे पिळता येईल, हा त्याचा विषय. २० जणांची पहिली यादी तयार झाली. २७ जून १९७३ रोजी ती सिनेटच्या वॉटरगेट चौकशीत बाहेर आली. सीबीएसचे डॅनियल शॉर यांच्या हाती कागद पडला तेव्हा ते थेट प्रक्षेपणात होते. नावे वाचता वाचता सतराव्या क्रमांकावर स्वतःचेच नाव आले. तेही त्यांनी वाचले आणि पुढे गेले.

वॉटरगेट

१७ जून १९७२ च्या पहाटे डेमोक्रॅटिक पक्षाच्या वॉटरगेट इमारतीतील कार्यालयात पाच जण पकडले गेले. मागे हंट आणि लिडीच होते. झीग्लर यांनी 'तिसऱ्या दर्जाची घरफोडी' म्हणून विषय झटकला. 'पोस्ट'चे बॉब वुडवर्ड आणि कार्ल बर्नस्टीन तिशीच्या आतले, शहर विभागाचे बातमीदार. व्हाइट हाऊसच्या वृत्तकक्षात त्यांना जागा नव्हती. निक्सन यांच्या निवडणूक समितीतल्या कर्मचाऱ्यांची यादी मिळवून ते रात्री त्यांच्या घरोघरी गेले, दारातून परत फिरले, पुन्हा गेले. हिशेबनीस आणि टंकलेखिकांकडून तुकडे जमत गेले. तलावावरच्या खोलीत बसलेल्या नामांकित बातमीदारांच्या हाती यातले फार थोडे लागले, ही या प्रकरणातली पत्रकारांनी विसरू नये अशी बाब.

दबाव तेव्हाही होताच. ऑक्टोबर १९७२ मध्ये सीबीएसच्या वॉल्टर क्रॉन्काइट यांच्या बातमीपत्राने वॉटरगेटला जवळजवळ १४ मिनिटे दिली. व्हाइट हाऊसचे चार्ल्स कोल्सन यांनी सीबीएसचे प्रमुख विल्यम पेली यांना फोन केला आणि दुसरा भाग बराच कापला गेला. 'पोस्ट'च्या फ्लोरिडातील दूरचित्रवाणी केंद्रांच्या परवान्यांना आव्हाने आली. 'पोस्ट'चा एकही बातमीदार यापुढे व्हाइट हाऊसमध्ये दिसता कामा नये, असे निक्सन यांनी डिसेंबरात झीग्लरना बजावले. मेजवान्यांच्या बातम्या देणाऱ्या डोरोथी मॅककार्डल यांनाही दार बंद झाले. त्याच आठवड्यात निक्सन किसिंजरना म्हणाले, की वृत्तपत्रे शत्रू आहेत, हे फळ्यावर शंभर वेळा लिहा. ही वाक्ये आपल्याला कळली ती त्यांनीच बसवलेल्या ध्वनिमुद्रण यंत्रामुळे.

वृत्तपत्रांनी निक्सनना पाडले, असे म्हणण्याची पद्धत आहे. ते पुरते खरे नाही. नोव्हेंबर १९७२ मध्ये निक्सन ५० पैकी ४९ राज्ये जिंकले, तोवर बहुतेक दैनिकांनी प्रकरण गांभीर्याने घेतलेच नव्हते. पुढचे काम घरफोडीचा खटला चालवणारे न्यायाधीश सिरिका, चौकशी करणारी सिनेटची एर्विन समिती, विशेष अभियोक्ते आणि शेवटी ध्वनिफिती देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यांनी केले. वुडवर्ड यांना वाट दाखवणारा गुप्त माणूसही एफबीआयचाच बडा अधिकारी मार्क फेल्ट होता, हे २००५ मध्ये उघड झाले. विषय मरू न देणे हे 'पोस्ट'चे श्रेय, आणि ते मोठे आहे.

१७ एप्रिल १९७३ रोजी झीग्लर यांनी आपली आधीची सर्व विधाने 'आता लागू नाहीत' असे सांगितले आणि १ मे रोजी 'पोस्ट'ची जाहीर माफी मागितली. ऑगस्टमध्ये न्यू ऑर्लिन्सला निक्सन यांनी याच झीग्लरना खांद्याला धरून बातमीदारांच्या दिशेने ढकलले. कॅमेऱ्यांनी ते टिपले. १७ नोव्हेंबरला ऑरलँडोत संपादकांच्या मेळाव्यापुढे 'मी लबाड नाही' असे सांगण्याची वेळ त्यांच्यावर आली.

नंतर

१९७४ मध्ये अमेरिकी माहिती-स्वातंत्र्याचा कायदा, निक्सन यांच्या राजीनाम्यानंतर त्यांच्या जागी आलेले राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांचा नकाराधिकार ओलांडून बळकट करण्यात आला. राष्ट्राध्यक्षांची कागदपत्रे देशाच्या मालकीची, हे १९७८ च्या कायद्याने ठरले. फोर्ड यांनी प्रसिद्धी सचिव म्हणून जेराल्ड टरहॉर्स्ट या मुरलेल्या बातमीदाराला नेमले होते. निक्सन यांना माफी देण्याचा विचार नाही, असे टरहॉर्स्ट वरून मिळालेल्या माहितीच्या भरवशावर पत्रकारांना सांगत होते. ८ सप्टेंबर १९७४ रोजी, रविवारी, फोर्ड यांनी माफी जाहीर केली. टरहॉर्स्ट यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. पदावर येऊन त्यांना अवघा महिना झाला होता.