द्राक्षवेल : रचना आणि वार्षिक वाढचक्र

द्राक्षवेल (व्हायटिस व्हिनिफेरा, कुल व्हायटेसी) ही आधाराने चढणारी, काष्ठमय, बहुवर्षायू वेल आहे. तिचे चक्र वार्षिक म्हणवले जात असले तरी एका पिकामागे दोन हंगाम असतात. यंदा किती घड येऊ शकतील हे बहुतांशी गेल्या हंगामातच डोळ्यांत (काडीवरच्या कळ्यांत) ठरलेले असते.

मुळे पाणी व खनिजे शोषतात आणि पिष्टही (स्टार्च) साठवतात. १८६० च्या दशकापासून फिलॉक्सेरा या मुळांवरील किडीने फ्रान्समधील बागा उद्ध्वस्त केल्या. तेव्हापासून बहुतेक ठिकाणी अमेरिकी जातींच्या खुंटावर कलम करतात. म्हणजे जमिनीखालची वेल एका वंशाची, वरची दुसऱ्या. खोडावर ओलांडे (कायमच्या मुख्य फांद्या) आणि ओलांड्यांवर काड्या असतात. हिरवी असेपर्यंत ती फूट, तपकिरी होऊन पक्व झाली की काडी. फुटीच्या प्रत्येक पेऱ्यावर एक पान, त्याच्या बगलेत डोळा आणि बऱ्याच पेऱ्यांवर पानासमोर घड किंवा ताणा (आधाराला गुंडाळणारा तंतू) असतो. ताणा आणि घड मुळात एकाच आद्यकापासून (अवयवाच्या प्रारंभिक अंकुरापासून) बनतात. पिनो म्युनिए या वाणापासून मिळालेल्या एका बुटक्या उत्परिवर्तित वेलीत जिबरेलिन या वनस्पती-संप्रेरकाचा परिणाम होत नाही, आणि तिला ताण्यांच्या जागी घडच लागतात.

डोळा दिसतो एक, पण आत सहसा तीन कलिका असतात. मधली प्रमुख कलिका थंडीने मेली तर दुसरी फुटते, मात्र तिच्यावर घड कमी येतात.

हिवाळा ओसरून माती उबदार झाली की मूलदाबामुळे छाटलेल्या काड्यांच्या टोकांतून रस ठिबकू लागतो. याला वेलीचे रडणे म्हणतात. वेलीला त्याने सहसा इजा होत नाही. दैनिक सरासरी तापमान साधारण १० अंश सेल्सियसच्या वर गेले की डोळे फुटतात. पहिली पाने साठवलेल्या पिष्टावरच वाढतात. साधारण सहा ते नऊ आठवड्यांनी फुलोरा येतो. फुलाच्या पाच पाकळ्या टोकाशी जुळलेल्या असतात; त्या उमलत नाहीत, तळातून सुटून टोपीसारख्या गळतात. याच सुमारास नव्या डोळ्यांत पुढच्या वर्षीचे घड आकार घेऊ लागतात, त्यामुळे या काळातील दाट सावली दोन पिकांना भोवते.

मणी दोन टप्प्यांत वाढतो. पहिल्यात तो हिरवा, कडक व आंबट राहतो. वाढ काही काळ मंदावते, मग मण्यात पाणी उतरते : तो मऊ होतो, काळ्या-लाल वाणांत सालीला रंग चढतो, साखर झपाट्याने साठते आणि मॅलिक आम्ल घटते. टार्टारिक आम्ल मात्र बरेचसे टिकून राहते.

काढणीनंतरही पाने पिष्ट बनवून मुळांत व खोडात साठवत राहतात. पानगळीनंतर वेल सुप्तावस्थेत जाते आणि छाटणी होते. छाटणारा खरे तर तयार घडांचीच निवड करत असतो. उष्ण कटिबंधात थंडी पुरेशी नसल्याने वेल पूर्ण सुप्त होत नाही. तेथे डोळे छाटणीने जागे करावे लागतात.