महासाथीतील आरोग्यसेवकांचे मानसिक आरोग्य

महासाथीत रुग्णसेवा करणारे डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय, आया, तंत्रज्ञ, रुग्णवाहिकाचालक, सफाई कामगार आणि आशा स्वयंसेविका यांच्या मनावर येणारा ताण व त्याचे परिणाम. झोप उडणे, सततची धास्ती, चिडचिड, नैराश्य आणि रुग्णाविषयी काही वाटेनासे होणे ही त्याची नेहमीची रूपे. कामाच्या दीर्घ ताणाने माणूस आतून रिता होतो, त्या अवस्थेला (बर्नआउट) जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजार न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हटले. दोष माणसाच्या मनोबलात शोधायचा की कामाच्या व्यवस्थेत, हे या भेदावर ठरते.

चीनमध्ये कोविडच्या साथीत २०२० च्या जानेवारीअखेर ३४ रुग्णालयांतील १,२५७ डॉक्टर व परिचारिकांची पाहणी झाली. निम्म्या जणांत नैराश्याची, तर सुमारे ४५ टक्क्यांत चिंतेची लक्षणे आढळली; परिचारिकांना अधिक झळ बसली होती. साथ ओसरली की मन सावरते असेही नाही. २००३ च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीनंतर वर्ष-दोन वर्षे उलटली, तरी कॅनडातील टोरांटोच्या रुग्णसेवकांमध्ये बर्नआउटचा थकवा टिकून होता.

महाराष्ट्रात मार्च २०२० मध्ये कोविडचे पहिले रुग्ण सापडले. त्यानंतर पीपीई किट घालून सहा-सहा तास पाणी नाही, लघवीला जाणे नाही. पाळी असलेल्या सिस्टरांचे हाल वेगळेच. ड्युटी संपली तरी घरच्या म्हाताऱ्यांना आणि लेकरांना लागण होईल ही भीती सोबत असे. मार्चमध्ये थाळ्या वाजवून गौरव झाला. नंतर देशात अनेक ठिकाणी याच लोकांना घरमालकांनी खोली सोडायला सांगितले, सोसायट्यांनी दारे लावली. हल्ले इतके वाढले की एप्रिल २०२० मध्ये १८९७ च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती करून अशा हिंसेला सात वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद करावी लागली. मुळात हा कायदा मुंबई इलाख्यातील प्लेगमुळे आला होता. त्याच वर्षी, त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या.

सर्वांत खोल जखम मात्र भीतीची नसते. एक खाट रिकामी आणि दारात चार रुग्ण, अशा वेळी निवड कोणी करायची? एप्रिल २०२१ मध्ये नाशिकच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले, तेव्हा वॉर्डातल्यांच्या हाती करण्यासारखे जवळपास काही उरले नव्हते. योग्य काय ते ठाऊक असूनही ते करता न आल्याने येणाऱ्या अपराधभावाला नैतिक आघात म्हणतात. ही संकल्पना व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या अभ्यासातून पुढे आली.

आशांचा ताण निराळा. गावात घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजायचा, लोकांचा राग झेलायचा. पण कागदोपत्री त्या ‘स्वयंसेविका’, म्हणून पगार नाही, मोबदला. जून २०२१ मध्ये राज्यातल्या हजारो आशांनी संप केला. तो मोबदल्यासाठी होता, पण मानसिक आरोग्याच्या नोंदीतही त्याला जागा हवी.

उपायांत समुपदेशनाची हेल्पलाइन सर्वत्र आढळते; १० ऑक्टोबर २०२२ पासून देशभर टेलिमानस (१४४१६) सुरू आहे. ती हवीच. परंतु चौदा तासांच्या ड्युटीनंतर फोन करण्याइतके त्राण उरत नाही, आणि ‘डॉक्टरच खचला’ असे कोणी म्हणेल या संकोचाने फोन टाळला जातो. पाळ्यांची अदलाबदल, सक्तीची विश्रांती, पुरेसे किट, राहण्याची सोय, वेळेवर पगार आणि रुग्णाच्या मृत्यूनंतर वॉर्डातल्या सर्वांनी एकत्र बसून बोलण्याची मुभा या गोष्टी त्याआधी लागतात.