उद्यमनगरातली नोटीस आणि १८ वर्षं चाललेला एक खटला

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या माझ्या एका कारखानदार मित्राला मध्यंतरी परदेशी सॉफ्टवेअर कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. डिझाइनचं सॉफ्टवेअर विनापरवाना वापरताय, १५ दिवसांत पैसे भरा, नाहीतर दिल्लीत दावा लावू. त्याच्याकडे खरेदीचं पक्कं बिल होतं. तरीही सीएनसी मशीन बंद करून, कूलंटने ओल्या झालेल्या हातात तो कागद धरून तो माझ्याकडे आला. पहिला प्रश्न एकच : "दिल्लीला तारखंला कोण जायाचं भावा?"

हा धाक कसा वापरला जातो, ते जगाने मार्च २००३ मध्ये पाहिलं. अमेरिकेतल्या एससीओ ग्रुपने आयबीएमवर १ अब्ज डॉलरचा दावा ठोकला. मागणी पुढे ५ अब्जांवर गेली. आरोप असा, की युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमचा आमच्या मालकीचा कोड आयबीएमने लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये घातला. हीच कंपनी आधी कॅल्डेरा या नावाने लिनक्स विकत होती! दोन कंपन्यांचं भांडण तिथेच राहतं तर एक वेळ ठीक. पण एससीओने लिनक्स वापरणाऱ्या सुमारे १,५०० मोठ्या कंपन्यांना इशाऱ्याची पत्रं धाडली आणि एका प्रोसेसरमागे ६९९ डॉलरचा परवाना विकायला काढला. शेअर काही महिन्यांत कित्येक पटींनी चढला.

पुढे कोर्टाच्या कागदपत्रांतून ऑगस्ट २००२ चा एक ईमेल उघड झाला. पूर्वी केलेल्या तपासणीत लिनक्समध्ये कॉपीराइटभंगाचा काहीच पुरावा सापडला नव्हता, असं त्यात एससीओच्याच एका इंजिनियरने लिहिलं होतं. तो ईमेल मुख्याधिकारी डार्ल मॅकब्राइड यांच्यापर्यंत गेला होता. त्या तपासणीचा अर्थ तसा नाही, असं कंपनीचं म्हणणं. पण असा कागद हातात असताना तिऱ्हाईताकडे पैसे मागणं मला अक्षम्य वाटतं.

मुळात युनिक्सचे कॉपीराइट एससीओकडे नव्हतेच, ते नोव्हेल या दुसऱ्याच कंपनीकडे होते. २००७ मध्ये न्यायाधीशांनी तसा निकाल दिला आणि पुढच्याच महिन्यात एससीओने दिवाळखोरी जाहीर केली. अपिलात तो निकाल फिरला, पण २०१० मध्ये ज्यूरीनेही नोव्हेलच्याच बाजूने कौल दिला. आयबीएमबरोबरचं प्रकरण मिटलं थेट २०२१ मध्ये, १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरवर.

आपल्याकडे दिल्लीचा धाक घालता येतो तो कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२(२) मुळे. हक्कधारकाला स्वतः राहतो किंवा धंदा करतो तिथे दावा लावता येतो. गरीब लेखकाला, कलावंताला दूरच्या कोर्टात खेटे घालावे लागू नयेत, म्हणून ही सोय. मोठ्या कंपन्यांनी ती उलटी फिरवली आणि खेटे समोरच्याच्या वाट्याला आले. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला आळा घातला : घटना जिथे घडली तिथेच कंपनीचं ऑफिस असेल, तर दावा तिथेच लावायचा. कोल्हापुरात ऑफिसच नसलेल्या कंपनीला मात्र ही आडकाठी नाही.

मित्राने बिलाची प्रत जोडून रजिस्टर्ड पोस्टाने उत्तर पाठवलं. वकिलाची फी गेली, मशीनचा एक दिवस गेला. तिकडून पुन्हा काही आलं नाही, चूक झाल्याची एक ओळसुद्धा नाही.