व्हुओतोसचा तलाव का झाला नाही: पार्श्वभूमी

फिनलंडच्या लॅपलंडमधल्या पेल्कोसेन्निएमी या पालिकेची वस्ती आज हजाराच्या आत आहे. केमियोकी नदीचे वरचे तीन फाटे, कितिनेन, लुइरो आणि केमिहारा, याच हद्दीत एकमेकांना मिळतात. गेल्या साठ वर्षांत इथे जो काही वाद झाला त्याचं मूळ या संगमात आहे. कितिनेनवर धरणांची साखळी उभी राहिली. लुइरोचं पाणी वरच्या अंगाला वळवून कितिनेनमध्ये सोडलं गेलं. तिसरा फाटा मात्र मोकळा राहिला. तो मोकळा राहिला कारण त्याच्यावर विजेसाठी योजलेला व्हुओतोसचा तलाव झाला नाही.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. इथे आधी केमी सामी लोक राहत. त्यांची भाषा एकोणिसाव्या शतकात संपली, पण तिचे शब्द दलदलीच्या नावांत टिकून आहेत. 1673 च्या राजाज्ञेने लॅपलंडमध्ये वसाहतीला मोकळीक मिळाली आणि दक्षिणेकडून फिनिश शेतकरी आले. ते जगले ते शेतापेक्षा पुराच्या कुरणांवर. मे महिन्यात बर्फ वितळून नदी पसरे, गाळ टाके, आणि जुलैत तिथलं गवत कापून गंजी रचली जाई. ओल्या जमिनीवरून गाडी जात नाही, म्हणून गंजी तिथेच ठेवायची आणि दलदल गोठली की घोड्याच्या घसरगाडीने घरी आणायची. 1916 साली वेगळी पालिका झाली. 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने लॅपलंडमधली गावं जाळली, त्यातून कितिनेनकाठचं सुवान्तो हे लाकडी घरांचं गाव बचावलं.

आता एका शब्दाकडे. तलावाला फिनिशमध्ये सरकारी कागदांत ‘तेकोयार्व्ही’ म्हणतात, म्हणजे केलेलं सरोवर. लोकांच्या तोंडी ‘आल्लास’ आहे. आल्लास म्हणजे हौद, कुंड. हात धुण्याच्या बेसिनलाही हाच शब्द. हा फरक नुसत्या बोलीचा नाही. सरोवराची पातळी ऋतूनुसार थोडी वरखाली होते. हौद मात्र गरजेप्रमाणे भरतात आणि उपसतात. उन्हाळ्यात भरायचा, विजेची मागणी वाढते त्या हिवाळ्यात रिकामा करायचा, असं हे चक्र. खालच्या अंगाचं केमियार्व्ही हे मुळात नैसर्गिक सरोवर, पण 1965 पासून त्याची पातळी वर्षात 7 मीटरपर्यंत खालीवर केली जाते. पाणी उतरलं की काठाचं बर्फ आधाराविना लटकतं, मग तडकून तळावर बसतं. शरद ऋतूत उथळ पाण्यात घातलेली ‘सीका’ माशाची अंडी उघडी पडून गोठतात. लोक याला हौद म्हणतात ते बरोबरच आहे.

व्हुओतोसच्या वादात प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर दोन झालेले हौद होते: शेजारच्या सोदान्कुला पालिकेतले लोक्का (1967) आणि पोर्त्तिपाहता (1970). लोक्का 400 चौरस किलोमीटरहून मोठा आहे. रिएस्तो, कोर्वानेन, मुतेनिया ही गावं बुडाली आणि शेकडो माणसं उठवली गेली. तळाशी होता पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाचे जाड थर. पाणी चढल्यावर पीट आतल्या आत कुजतो, त्यात मिथेन साठतो, आणि उन्हाळ्यात पाणी तापलं की तळाचे मोठाले तुकडे सुटून वर येतात. वारा त्यांना ढकलत जाळ्यांवर आणि काठावर नेतो. हिवाळ्यात हेच कुजणं बर्फाखालचा प्राणवायू खाऊन टाकतं. शिवाय नव्याने बुडालेल्या मातीतल्या पाऱ्याचं जिवाणू मिथाइल मर्क्युरी हे विषारी संयुग करतात. ते छोट्या माशांतून ‘हौकी’सारख्या शिकारी माशात साठतं, आणि हा परिणाम उतरायला दशकं लागतात. पुढे लोक्कात व्यावसायिक मासेमारी चांगली चालू लागली, हेही खरं आहे.

व्हुओतोसच्या योजनेत केमिहाराच्या काठची सुमारे 240 चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली जाणार होती, पेल्कोसेन्निएमी आणि साव्हुकोस्की या पालिकांतली. 1982 मध्ये सरकारने ती नाकारली. 1992 मध्ये दुसऱ्या सरकारने तीच पुन्हा उघडली. 1993 चा मोठा पूर आला आणि पूरनियंत्रणाचा मुद्दा वजनदार झाला. गावात एकमत नव्हतं. ज्या पालिकेतून तरुण निघून जातात तिथे बांधकामाची वर्षं आणि कराचं उत्पन्न ही हलकी गोष्ट नव्हे. 2000 मध्ये परवाना मिळाला, 2001 मध्ये पहिल्या अपिलात तो रद्द झाला, आणि 18 डिसेंबर 2002 रोजी सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो रद्दच ठेवला.

निकाल कशावर फिरला हे नीट समजून घ्यायला हवं, कारण ‘पर्यावरण जिंकलं’ एवढंच सांगितलं तर मुद्दा हुकतो. 1961 च्या जलकायद्यात दोन पायऱ्या होत्या. एका पायरीवर तराजू: फायदा नुकसानापेक्षा पुरेसा मोठा असेल तर परवाना. दुसऱ्या पायरीवर तराजूच नाही. सार्वजनिक आरोग्य धोक्यात येत असेल, वस्तीची किंवा उपजीविकेची स्थिती फार खालावत असेल, किंवा परिसराच्या ‘लुओन्नोन्सुहतेएत’मध्ये मोठे आणि दूरवर पोहोचणारे हानिकारक बदल होत असतील, तर फायदा कितीही असो, परवाना नाही. या शब्दाचा शब्दशः अर्थ ‘निसर्गाचे संबंध’. भाषांतरात त्याची ‘नैसर्गिक परिस्थिती’ होते आणि अर्थातला मुख्य भाग गळून पडतो. प्रश्न एखाद्या दुर्मीळ फुलापुरता नव्हता. पाणी, माती, झाड, जनावर एकमेकांवर कसे टेकले आहेत त्याचा होता. आणि ‘दूरवर’ म्हणजे किती? बुडीत क्षेत्र हेच पुरे, की त्याबाहेरचा परिणाम दाखवायचा? परवाना देणाऱ्यांना ही मनाईची पातळी गाठलेली दिसली नाही. दोन्ही न्यायालयांना दिसली.

जमिनीवर उभं राहिलं की न्यायालयांचं म्हणणं पटतं. इथली दलदल ‘आपा’ प्रकारची. आजूबाजूच्या उंचवट्यावरून वितळलेलं पाणी तिच्यावरून सावकाश सरकतं. उताराला आडव्या, चालता येईल अशा उंच पट्ट्या असतात, त्यांना ‘यान्ने’ म्हणतात. दोन पट्ट्यांमध्ये ‘रिम्पी’, म्हणजे चिखलाचं उघडं पाणी, ते माणसाचं वजन पेलत नाही. पाय यान्नेवरच ठेवायचा. या पट्ट्यांवर ‘हिल्ला’ नावाचं पिवळं फळ येतं. त्याची नर आणि मादी रोपं वेगळी, त्यामुळे जूनमध्ये फुलोऱ्याच्या वेळी दव गोठलं किंवा पावसाने कीटक उडाले नाहीत की वर्ष गेलं. पिकलं तर ते घरोघरी करमुक्त रोख पैसा देतं. रिम्पीच्या काठचं हिरवं गवत रेनडियर उन्हाळ्यात खातात. हिवाळ्यात ते कोरड्या पाइनच्या माळावर दगडफूल उकरतात, आणि बर्फावर कडक कवच धरलं की जुन्या झाडांवरून लोंबणाऱ्या ‘लुप्पो’ या दगडफुलावर तगतात. म्हणजे एकाच कळपाला वर्षभरात तिन्ही जागा लागतात. त्यातली दलदल बुडवली तर बाकी दोन्हींवर ताण पडतो. नकाशावर ‘निरुपयोगी ओली जमीन’ म्हणून रंगवलेला तो पट्टा प्रत्यक्षात असा होता. आज केमिहाराच्या दलदली नातुरा 2000 या युरोपीय संरक्षित जाळ्यात आहेत.

तरी विषय मिटला नाही. 2010 नंतर त्याच भागासाठी केमिहारा या नावाने पूररक्षक तलावाची कल्पना पुढे आली. अशा आराखड्यात एकच गोष्ट आधी तपासावी: पाणी कोणत्या महिन्यात धरणार आणि कोणत्या महिन्यात सोडणार. एप्रिलअखेर रिकामा असणं पुरासाठीच्या आणि विजेसाठीच्या अशा दोन्ही प्रकारच्या तलावांना सोयीचं, म्हणून त्यावरून काही कळत नाही. फक्त पुरासाठी असलेला तलाव जूनमध्ये पुन्हा रिकामा होतो. विजेसाठी असलेला ऑगस्टमध्येही भरलेला असतो.