दह्याची वाटी आणि पाळीनंतरची हाडं

‘पाळी गेल्यावर रोज वाटीभर दही किंवा प्रोबायोटिकची (उपयुक्त जिवंत जंतूंची) कॅप्सूल घ्या, हाडं ठिसूळ होत नाहीत.’ हे अर्धंच खरं आहे.

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटलं की आतड्याचं अस्तर सैल पडतं, दाह वाढतो आणि हाड झिजवणाऱ्या पेशींना जोर येतो. आतड्यात जंतूच नसलेल्या उंदरांत ही झीज दिसली नाही, म्हणजे त्यात जंतूंचा हात असावा. आशा तिथूनच पालवली. २०१८च्या स्वीडिश चाचणीत ७५ ते ८० वयाच्या ९० स्त्रियांपैकी निम्म्यांना वर्षभर रॉयटेरी ६४७५ हा प्रोबायोटिक जंतू दिला. त्यांच्या नडगीच्या हाडाची घनता ०.८३ टक्के घटली, जंतू न मिळालेल्यांची १.८५ टक्के. म्हणजे झीज मंदावली, हाड भरून आलं नाही. पुढे पन्नाशीतल्या २३९ स्त्रियांच्या चाचणीत तोच जंतू दोन वर्षं देऊन पाहिला, फरक शून्य!

घरच्या विरजणात कोणता जंतू, किती, हे सांगता येत नाही. कढी उकळली की तो मरतोच. कॅल्शियम मात्र टिकतं. तेही १०० ग्रॅम दह्यात सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास, गरज दिवसाला १२०० मिलिग्रॅमची. तेव्हा दूध, नाचणी, तीळ हवेतच, शिवाय ड जीवनसत्त्व आणि वजन उचलण्याचा व्यायाम. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल, तर दह्यावर विसंबून औषध लांबवू नका.