कमी चाललेली कन्व्हर्टिबल म्हणजे नव्यासारखी? नाही हो
एक गोष्ट वर्षानुवर्षं ऐकतोय, की सेकंडहँड लक्झरी कन्व्हर्टिबल (छत उघडबंद होणारी गाडी) घ्यायची तर कमी किलोमीटरवाली बघा, मालकाने फक्त रविवारी काढलीये म्हणजे गाडी नव्यासारखीच. खरं सांगू का, या गाड्यांचं नुकसान चालवण्यापेक्षा उभं राहून जास्त होतं. रबर सुकतं, बॅटरी मरते, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं म्हणून बऱ्याच कंपन्या ते दर २ वर्षांनी बदलायला सांगतात, गाडी चालो न चालो. टायरची नक्षी भरलेली दिसली तरी बाजूवरचा ४ आकडी कोड वाचा, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा.

पण खरी गंमत छताची. छताच्या कडेने पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात, त्या पानं आणि धुळीने तुंबल्या की पाणी आत शिरतं आणि काही मॉडेलात सीटखाली नाहीतर डिकीत इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल्स (गाडीची यंत्रणा चालवणारे डबे) असतात, तिथेच जाऊन साचतं, मग खर्च विचारूच नका. कार्पेट उचलून खाली हात लावून बघा, वास घ्या (लाजू नका, पैसे तुमचे आहेत). छत २-३ वेळा पूर्ण उघडबंद करा, मध्ये अडखळलं, एका बाजूने मागे राहिलं किंवा हायड्रॉलिक ऑइलचे (छत हलवणाऱ्या तेलाचे) डाग दिसले तर तिथेच थांबा. "आज बॅटरी डाऊन आहे, नंतर दाखवतो" असं विकणारा म्हणाला तर पैसेही नंतरच द्या.

मला विचाराल तर, नियमित चाललेली, सगळी सर्व्हिस बिलं असलेली गाडी मी आधी बघेन.